राखीव गडी

संगमनेर तालुक्यांत, प्रवरेच्या खोऱ्यांत, आश्वी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक आश्वी बुद्रुक व दुसरें आश्वी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलें आणि खुर्द म्हणजे धाकटें, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांस सांगावयास नको. आपल्या मुलखांत अशीं जोडगांवें इतकीं आढळतात कीं, त्या नांवांतील पंक्तिभेद आपल्या ध्यानींही येत नाहीं. ज्या जिल्ह्यांत हीं गांवें आहेत त्याला आपण आजवर अहमदनगर म्हणत आलों. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें. यांपैकीं खुर्द म्हणविणाऱ्या गांवीं ६ जून १९८८ रोजीं अजिंक्य रहाणे यांचा जन्म झाला. पुढें भारताकडून ते ८५ कसोटी सामने खेळले आणि त्यांत त्यांनीं १२ शतकें व पांच हजारांवर धांवा केल्या. परंतु आज त्यांचें नांव मी घेतों तें त्या धांवांसाठीं नव्हे. खुर्दपणाची, म्हणजे दुसरेपणाची, अशी एक दीर्घ कारकीर्द खेळांत असूं शकते. तिचा थोडा इतिहास मला सांगावयाचा आहे, आणि तो या गांवापासून सुरू करणें मला सोयीचें वाटतें.

खुर्दपणा हा सापेक्ष असतो, हें येथेंच सांगून ठेवतों. आश्वी खुर्दमध्यें जन्मलेल्या मुलाच्या लेखीं तेथील पार, तेथील शाळा आणि तेथील शिवार हेंच पहिलें गांव होय. शेजारचें गांव आठवलें म्हणजेच तें धाकटें ठरतें. राखीव खेळाडूंचीं चरित्रें वाचतांना मला हीच गोष्ट पुन्हां पुन्हां दिसली. जो माणूस एका संघांत दुसरा आहे, तो अन्यत्र कोठें तरी पहिला असल्यावांचून फार दिवस टिकत नाहीं.

राखीव गड्याशीं क्रिकेटचा कायदा फार काळ सावत्रपणेंच वागला. मैदानांत उतरलेल्या अकरांपैकीं कोणी जायबंदी झाला, तर बाराव्यानें त्याच्या जागीं उभें राहावें, चेंडूमागें धांवावें, जमल्यास झेल घ्यावा. परंतु बॅट हातीं धरूं नये, चेंडू टाकूं नये आणि यष्टींमागेंही उभें राहूं नये. त्यानें घेतलेल्या झेलापुढें धांवपुस्तकांत पुष्कळदां त्याचें नांवही येत नसे. 'बदली गडी' एवढीच नोंद होई. यष्टिरक्षणाची परवानगी २०१७ सालच्या नियमावलींत आली, तीही पंचांच्या संमतीनें. डोक्यास मार लागलेल्या खेळाडूच्या जागीं सर्व अधिकारांनिशीं दुसरा गडी घेण्याची सोय कसोटी सामन्यांत २०१९ च्या ऑगस्टपासून झाली. त्याच महिन्यांत लॉर्ड्स मैदानावर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर बसला आणि त्यांच्या जागीं मार्नस लाबुशेन फलंदाजीस आले. या बदली गड्यानें ५९ धांवा करून सामना वांचविण्यास हातभार लावला, आणि पुढें संघांतील त्याची जागा कायम झाली. कसोटी क्रिकेट १८७७ सालीं सुरू झालें; बदली गड्याच्या हातीं बॅट आली ती त्यानंतर १४२ वर्षांनीं, आणि तीही दुसऱ्याच्या मानेवर चेंडू आदळल्यावर. या पेशाची ही कडू बाजू आहे. राखीव गड्याचा उदय बहुधा दुसऱ्या कोणाच्या दुखापतींतून होतो, आणि तो दुसरा बहुधा त्याचा मित्रच असतो.

नगरास शाळेंत असतांना मी स्वतः आमच्या संघांत बारावा असें. पाण्याची बादली, पितळी पेले आणि धांवांची वही हीं माझीं आयुधें. गडी बाद झाला कीं मी त्याच्या हातांतील पॅड सोडवून दुसऱ्याच्या पायांस बांधीत असें. त्या तीन वर्षांत मला एकदांही फलंदाजी मिळाली नाहीं. परंतु कोणता गोलंदाज पांचव्या षटकानंतर दमतो, कोणाचा पाय कोणत्या चेंडूला अडखळतो, हें संघांत माझ्याइतकें कोणासही ठाऊक नव्हतें. त्या ज्ञानाचा उपयोग कोणी करून घेतला नाहीं, ही गोष्ट वेगळी!

बाराव्याच्या वांट्यास आलेल्या कीर्तीचें एक चमत्कारिक उदाहरण १९८३ सालचें आहे. अहमदाबादच्या कसोटींत वेस्ट इंडीजविरुद्ध गुरशरण सिंग हे बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरले आणि त्यांनीं चार झेल घेतले. कसोटींत बदली गड्यानें चार झेल घेण्याचा तो पहिलाच प्रसंग. अकरांतील एक म्हणून खेळण्याची संधि त्यांना १९९० सालीं ऑकलंडला मिळाली, आणि ती एकच. विक्रम आधीं आणि पदार्पण सहा वर्षांहून अधिक काळानंतर, असा हा उलटा क्रम होय.

परंतु राखीवपणाची खरी शाळा पाहावयाची तर यष्टिरक्षकांकडे पाहावें. संघांत फलंदाज सहा-सात लागतात, गोलंदाज चार-पांच लागतात. यष्टिरक्षक मात्र एकच. पहिला धडधाकट असेपर्यंत दुसऱ्यानें हातमोजे मऊ करीत बसावें. आपल्या महाराष्ट्राच्या संघाचे यष्टिरक्षक पी. जी. ऊर्फ नाना जोशी यांची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९५१ सालीं ते पहिली कसोटी खेळले आणि १९६० सालीं शेवटची. मधल्या काळांत भारताच्या कसोट्या कितीतरी झाल्या, पण जोशींच्या वांट्यास त्यांतल्या एकंदर १२ आल्या. कधीं खोखन सेन, कधीं माधव मंत्री, कधीं इब्राहिम माका, पुढें नरेन ताम्हाणे आणि शेवटीं बुधी कुंदरन, अशी ती खुर्ची फिरत राहिली. निवडसमितीच्या मनांत काय येई, तें तिचें तिलाच ठाऊक. १९६० च्या डिसेंबरांत मुंबईस पाकिस्तानविरुद्ध सामना झाला. जोशी आणि रमाकांत देसाई या जोडीनें नवव्या गड्यासाठीं १४९ धांवांची भागी केली. देसाईंनीं ८५ काढल्या आणि जोशी ५२ धांवांवर नाबाद राहिले. कसोटींतील ती त्यांची सर्वांत मोठी धांवसंख्या. आणि तीच त्यांची शेवटची कसोटी! पुढच्या सामन्यास यष्टींमागें दुसरा मनुष्य उभा होता. जोशी मात्र महाराष्ट्राकडून खेळत राहिले. दिल्लीच्या वा मुंबईच्या बैठकींत त्यांचें नांव खालीं गेलें म्हणून पुण्याच्या मैदानावर तें खालीं जात नव्हतें, आणि मला वाटतें यांतच त्यांच्या टिकाऊपणाचें मर्म आहे.

इंग्लंडांतील बॉब टेलर यांची हकीकत याहून लांबची आणि याहून मोठी. टेलर हे डर्बीशायरचे. १९७०-७१ च्या दौऱ्यावर ॲलन नॉट यांचे दुय्यम म्हणून ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला गेले, आणि दौऱ्याच्या अखेरीस क्राइस्टचर्च येथें त्यांना एक कसोटी मिळाली. दुसरी मिळाली ती १९७७ च्या डिसेंबरांत, लाहोरला. मधलीं जवळ जवळ सात वर्षें नॉट यांनीं जागा सोडली नाहीं, कारण ते खरोखरच थोर यष्टिरक्षक होते आणि फलंदाजही चांगले होते. नॉट केरी पॅकर यांच्या खाजगी क्रिकेटकडे गेले तेव्हां टेलर छत्तीस वर्षांचे होते. ज्या वयांत इतर खेळाडू बॅट खुंटीला टांगतात, त्या वयांत यांची कसोटी कारकीर्द सुरू झाली आणि ती ५७ सामने चालली. हें कसें घडलें? सात वर्षें ते निराश होऊन बसले असते तर घडलें नसतें. ते डर्बीशायरसाठीं दर उन्हाळ्यांत आठवड्यास पांच-सहा दिवस यष्टींमागें उभे राहत होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें त्यांनीं १६४९ गडी बाद करण्यास हातभार लावला. हा आंकडा जगांत सर्वांत मोठा आहे, आणि तो नॉट यांच्या नांवावर नसून त्यांच्या दुय्यमाच्या नांवावर आहे.

टेलर यांचा एक पराक्रम तर मुंबईकरांनीं डोळ्यांनीं पाहिला. १९८० च्या फेब्रुवारींत वानखेडे मैदानावर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. या सामन्यांत टेलर यांनीं पहिल्या डावांत सात व सामन्यांत दहा झेल घेतले. एका कसोटींत यष्टिरक्षकानें इतके गडी टिपण्याचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. इंग्लंडचे पांच गडी ५८ धांवांत गेले असतांना ते बोथम यांच्या जोडीस आले. पुढें पंचांनीं त्यांना झेलबाद ठरविलें. पण चेंडू बॅटीला लागला नाहीं अशी खात्री वाटून आपले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनीं त्यांना परत बोलाविलें. मग या जोडीनें १७१ धांवा केल्या आणि भारत तो सामना हरला. विश्वनाथ यांचें औदार्य आपण नेहमीं सांगतों आणि तें सांगावेंच. परंतु माघारीं निघालेला तो मनुष्य कोण होता, हेंही ध्यानांत असावें. सात वर्षें दाराबाहेर काढलेला तो मनुष्य होता. १९८६ सालीं लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटींत इंग्लंडचा यष्टिरक्षक जायबंदी झाला, तेव्हां दोन वर्षांपूर्वीं निवृत्त झालेले, पंचेचाळीस वर्षांचे टेलर पाहुण्यांच्या तंबूंतून उठून प्रतिपक्षाच्या कर्णधाराच्या संमतीनें बदली म्हणून उभे राहिले. आयुष्यभराची संवय अशी सुटत नाहीं.

आपल्याकडे बडोद्याचे किरण मोरे हेही १९८२-८३ सालीं सय्यद किरमाणी यांचे दुय्यम म्हणून वेस्ट इंडीजला गेले, आणि त्यांना पहिली कसोटी १९८६ सालीं मिळाली. पण मोरे पहिले झाले आणि पुढें ४९ कसोट्या खेळले, तेव्हां दुसरेपण मुंबईच्या चंद्रकांत पंडित यांच्याकडे आलें. पंडितांची युक्ति निराळी. यष्टींमागची जागा मोकळी नाहीं तर निव्वळ फलंदाज म्हणून खेळूं, असें त्यांचें चाले. १९८६ सालीं लीड्सला त्यांनीं पदार्पण केलें तें फलंदाज म्हणूनच. १९८७ च्या विश्वचषकांत मुंबईच्या उपांत्य सामन्यांत वेंगसरकर आजारी पडले, त्या जागींही पंडितच उतरले. कसोट्या अवघ्या पांच झाल्या. पण मनुष्य पाहणारा होता. पुढें प्रशिक्षक होऊन त्यांनीं मुंबईस रणजी करंडक मिळवून दिला, २०१७-१८ व २०१८-१९ अशीं लागोपाठ दोन वर्षें विदर्भास मिळवून दिला, आणि २०२१-२२ सालीं मध्य प्रदेशास मिळवून दिला. तेवीस वर्षांपूर्वीं मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळूरच्या ज्या मैदानावर त्यांनीं अंतिम सामना गमावला होता, त्याच मैदानावर हा शेवटचा विजय मिळाला, आणि हरला तो संघ मुंबईचा. बांकावर बसून खेळ पाहणाऱ्याला जें दिसतें तें मैदानावरच्याला दिसत नाहीं, हा माझा शाळेंतला अनुभव येथें मोठ्या प्रमाणावर खरा ठरला असें म्हणण्याचा मोह मला आवरत नाहीं.

आतां ज्यांच्यासाठीं दार उघडलेंच नाहीं, त्यांच्याकडे वळूं. पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म १९४० चा, निधन मार्च २०२५ मध्यें. मुंबईच्या संघांत ते पहिले होते. पण भारताच्या संघांत त्यांच्याच हाताचे, त्यांच्याच जातीचे गोलंदाज बिशनसिंग बेदी बसले होते. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, प्रत्येक बळीमागें वीस धांवाही नाहींत; एकट्या मुंबईसाठीं रणजी करंडकांत ३६१ बळी; आणि कसोटी सामने शून्य. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना चेपॉकवर झाला. यजमान तामिळनाडू. फिरकीस साथ देणारी ती खेळपट्टी तामिळनाडूच्या फिरकी गोलंदाजांना पोषक होती. पण पहिल्या डावांत शिवलकरांनीं १६ धांवांत आठ व दुसऱ्यांत १८ धांवांत पांच गडी टिपले. मुंबईचें तें लागोपाठ पंधरावें अजिंक्यपद. त्यानंतरही निवडसमितीचें मन वळलें नाहीं. शिवलकर १९८७-८८ च्या हंगामांतही मुंबईकडून खेळले. तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस होतें. हरयाणाचे राजिंदर गोयल यांचें दैवही असेंच. १९७४ सालीं बेदींना शिस्तीच्या कारणानें वगळलें, त्या बंगळूरच्या कसोटीसाठीं गोयल निवडलेल्यांत होते. अकरांत मात्र नव्हते. क्रिकेट मंडळानें या दोघांना २०१७ सालीं जीवनगौरवाचा पुरस्कार एकाच वेळीं दिला.

येथें एक प्रश्न मला नेहमीं छळतो. शिवलकरांच्या चिकाटीचें आपण जें कौतुक करतों, त्यांत निवडणाऱ्यांची चूक झांकली जात नाहीं काय? बेदी श्रेष्ठ होते, यांत शंका नाहीं. पण एकाच हाताचे दोन गोलंदाज एकत्र खेळूं नयेत, हा कांहीं निसर्गनियम नव्हे. एका कसोटीनें बेदींचें कांहीं बिघडलें नसतें. वाट पाहणाऱ्याचा धीर हा गुण खरा. परंतु ज्यानें वाट पाहावयास लाविलें त्यानें त्या गुणाचें श्रेय घेऊं नये.

अमोल मुझुमदार यांची वाट तर शाळेपासूनच सुरू झाली. १९८८ च्या फेब्रुवारींत हॅरिस शील्डच्या सामन्यांत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोघां मुलांनीं ६६४ धांवांची नाबाद भागी केली, ती साऱ्या जगास ठाऊक आहे. त्या वेळीं पायांस पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता. ते दोघे बाद झालेच नाहींत. १९९३-९४ सालीं रणजी पदार्पणांतच मुझुमदारांनीं हरयाणाविरुद्ध २६० धांवा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणाचा तो विक्रम जवळ जवळ पंचवीस वर्षें टिकला. पुढें १७१ सामन्यांत ११,१६७ धांवा, ३० शतकें आणि २००६-०७ सालीं कर्णधार म्हणून रणजी करंडक, एवढें सारें झालें. पण भारताची मधली फळी तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली यांनीं भरली होती. मुंबईनंतर ते आसाम व आंध्र यांच्याकडून खेळून २०१४ सालीं निवृत्त झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारताच्या महिलांनीं नवी मुंबईस विश्वचषक जिंकला, तेव्हां त्यांचे प्रशिक्षक मुझुमदारच होते. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या माणसानें भारताच्या संघास जग जिंकून दिलें.

या मंडळींच्या पोटापाण्याची सोय काय, असा प्रश्न कोणी विचारील. शिवलकरांच्या पिढींत क्रिकेट हा नांवाला हौसेचा खेळ होता आणि खेळाडूचा संसार नोकरीवर चाले. टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक, रेल्वे अशा संस्था खेळाडूंना पगारावर ठेवीत, आणि टाइम्स शील्डच्या सामन्यांत तीं कार्यालयें एकमेकांशीं झुंजत. कसोटींत शिरकाव न झालेल्या गुणी माणसास तेथें जागा होती, मान होता आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार होता. राखीव पिढ्या या कारकुनी मेजांनीं जगविल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें काळ पालटला. २०२१ सालीं मंडळानें देशी सामन्यांचें मानधन वाढविलें, तेव्हां चाळीसांहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला साठ हजार, वीस ते चाळीस सामने खेळलेल्यास पन्नास हजार व त्याहून नवख्यास चाळीस हजार रुपये ठरले. राखीवास यांच्या निम्मे. कसोटींतही अकरांतल्यास पंधरा लाख आणि बाहेर बसणाऱ्यास साडेसात लाख, अशीच वांटणी झाली. दुसरा म्हणजे नेमका अर्धा, हें गणित कोणी काढलें कोण जाणे. पण पाणी नेणाऱ्यासही त्यांत किंमत आली, हें कांहीं थोडें नव्हे.

दुसरेपणाला आणखी एक उत्तर आहे, आणि तें याच जिल्ह्यांतील एका गोलंदाजानें दिलें. तें उत्तर म्हणजे मैदान बदलणें. जहीर खान यांचा जन्म श्रीरामपूरचा, १९७८ सालचा. मुंबईस येऊन ते सुधीर नाईक यांच्या हाताखालीं तयार झाले; पण मुंबईच्या मुख्य संघांत जागा दिसेना तेव्हां ते बडोद्यास गेले. बडोद्यानें २०००-०१ सालचा रणजी करंडक जिंकला त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. पुढें भारताच्या संघांतील जागा डळमळीत झाली तेव्हां २००६ सालीं ते इंग्लंडांत वूस्टरशायरकडे गेले आणि त्या एका उन्हाळ्यांत त्यांनीं ७८ बळी घेतले. दुसऱ्या वर्षीं ट्रेंट ब्रिजच्या कसोटींत नऊ बळी घेऊन त्यांनीं भारतास सामना व मालिका मिळवून दिली. ज्या जिल्ह्याचीं मुलें महाराष्ट्राच्या संघांत यावयाचीं, त्या जिल्ह्याचे दोघे मोठे खेळाडू नांवारूपास आले ते एक बडोद्याकडून व एक मुंबईकडून, ही गोष्ट पुण्याच्या मंडळींनीं मनावर घ्यावी, असें मी जातां जातां सुचवितों.

रहाणे मात्र मैदान बदलून गेले नाहींत. ते डोंबिवलींत वाढले आणि पुढें प्रवीण आमरे यांच्याकडे शिकले. आमरे यांनीं कसोटी पदार्पणांत शतक केलें होतें, आणि तरीही त्यांना एकंदर अकराच कसोट्या मिळाल्या. वाट कशी पाहावी हें शिकविण्यास याहून योग्य गुरु कोण? २००८-०९ च्या रणजी हंगामांत रहाणे यांनीं १०८९ धांवा केल्या. २०११ च्या नोव्हेंबरांत ते कसोटी संघांत घेतले गेले आणि त्यानंतर सोळा महिने ते संघाबरोबर हिंडत होते. ऑस्ट्रेलियाचा सारा दौरा त्यांनीं बाहेर बसून पाहिला. अखेर २०१३ च्या मार्चमध्यें शिखर धवन यांच्या हातास दुखापत झाली म्हणून दिल्लीस त्यांना संधि मिळाली. त्यांत धांवा झाल्या ७ आणि १. इतकी वाट पाहून आठ धांवा! पुढच्या मालिकेंत ते पुन्हां बाहेर बसले. डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत उतरले, तेव्हां डर्बनला ५१ नाबाद व ९६ धांवा करून त्यांनीं जागा धरली. २०१५ सालीं गॉलच्या कसोटींत त्यांनीं आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूनें एका कसोटींत घेतलेल्या झेलांचा तो त्या वेळचा विक्रम होता. बाराव्या गड्यास कायदा जी एकच कला आचरूं देतो, त्या कलेंत सोळा महिन्यांच्या या बाराव्यानें विक्रम करावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाहीं.

पुढें त्यांना उपकर्णधार केलें. उपकर्णधार म्हणजे राखीव कर्णधारच. २०१७ सालीं धरमशाळेस विराट कोहली यांचा खांदा दुखावला आणि मालिकेचा निर्णायक सामना रहाणे यांच्या हातीं आला. तो त्यांनीं जिंकला. पण खरा प्रसंग ओढवला तो १९ डिसेंबर २०२० रोजीं. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धांवांत आटोपला. त्यानंतर कोहली बाळंतपणासाठीं पत्नीजवळ घरीं परतले, शमी यांचा हात मोडला, आणि संघ रहाणे यांच्याकडे आला. मेलबर्नला त्यांनीं ११२ धांवा केल्या व आठ गडी राखून सामना जिंकला. त्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूसाठीं प्रथमच ठेवलेलें पदक त्यांना मिळालें. तें पदक १८६८ सालीं इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी संघांतील जॉनी मुल्लाघ यांच्या नांवाचें आहे. सिडनीचा सामना जखमी खेळाडूंनीं उभें राहून अनिर्णित राखला.

आणि मग ब्रिस्बेन. शमी, उमेश यादव, बुमरा, अश्विन, जडेजा, विहारी, राहुल हे सारे जायबंदी होऊन बसले होते. ऑस्ट्रेलिया या मैदानावर १९८८ पासून हरलेली नव्हती. भारताकडे गोलंदाज कोण, तर सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर. या पांचांनीं मिळून पूर्वीं खेळलेल्या कसोट्या एकंदर चार! नटराजन हा सरावांत चेंडू टाकण्यासाठीं नेलेला गोलंदाज. सुंदरही कसोटीसाठीं नेलेले नव्हते, सरावापुरते थांबवून घेतलेले होते. पालघरच्या शार्दूल ठाकूर यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी. त्यांची पहिली कसोटी २०१८ सालीं हैदराबादेस झाली. त्यांत दहा चेंडू टाकून ते लंगडत बाहेर गेले आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना दुसरी मिळाली नाहीं. ब्रिस्बेनला त्यांनीं सामन्यांत सात बळी घेतले. भारताचे सहा गडी १८६ वर गेले असतांना ठाकूर व सुंदर एकत्र आले. ठाकूर ६७, सुंदर ६२, आणि भागी १२३ धांवांची. शेवटच्या दिवशीं ३२८ धांवांचें लक्ष्य तीन गडी राखून गांठलें गेलें. तेथें जिंकलेला संघ भारताचा दुसरा संघ होता, आणि त्याचा नायक आश्वी खुर्दचा होता. करंडक हातीं आल्यावर रहाणे यांनीं तो घेऊन नटराजन यांच्या हातीं दिला. नटराजन यांना त्यानंतर दुसरी कसोटी मिळाली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

कोहली परतले आणि रहाणे पुन्हां उपकर्णधार झाले. कर्णधार म्हणून त्यांनीं सहा कसोटी खेळल्या. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, हरले एकही नाहींत. २०२२ सालीं ते संघांतून गेले. २०२३ च्या जूनमध्यें श्रेयस अय्यर यांच्या पाठीच्या दुखण्यामुळें जागा रिकामी झाली, तेव्हां ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत ते उतरले व ८९ आणि ४६ धांवा करून गेले. त्या वर्षीं जुलैनंतर पुन्हां दार बंद झालें. मग ते मुंबईचे कर्णधार म्हणून रणजी सामन्यांत उभे राहिले.

१४ मार्च २०२४ रोजीं वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना संपत आला होता. विदर्भाचा शेवटचा गडी उरला होता. मुंबईच्या संघांत धवल कुलकर्णी हे मध्यमगति गोलंदाज होते. ज्या २००८-०९ च्या हंगामांत रहाणे यांनीं हजारांवर धांवा केल्या, त्याच हंगामांत कुलकर्णी प्रथम खेळले व त्यांनीं ४२ बळी घेतले. २००९ सालीं भारताच्या कसोटी संघाबरोबर त्यांना न्यूझीलंडला नेलें. तेथें कसोटी मिळाली नाहीं, आणि पुढेंही कधीं मिळाली नाहीं. मुंबईसाठीं मात्र पंधरा हंगाम त्यांनीं नवा चेंडू टाकला. हा त्यांचा शेवटचा सामना होता. विदर्भाच्या पहिल्या डावांत त्यांनीं १५ धांवांत तीन गडी बाद केले होते. रहाणे यांनीं चेंडू त्यांच्या हातीं दिला. कुलकर्णींनीं उमेश यादव यांचा त्रिफळा उडविला. मुंबईनें १६९ धांवांनीं सामना व बेचाळिसावें अजिंक्यपद जिंकलें, आणि दोघे जुने सोबती मैदानाबाहेर निघाले.